देवाच्या मेंढ्याचं तोंड

माळवाडी, ता. सांगोला
१८ जानेवारी २०२३

बिरुदेव,

आशीर्वाद लिहावा की नाही यातच दोन दिवस गेले, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. आशीर्वाद हवा असेल तर आहे असं समज.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. आपण भाऊ-भाऊ बोलत नाही त्याला सोळा-सतरा वर्षं झाली आणि शपथ मी अजून मोडलेली नाही. बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून मी म्हणालो होतो, खरं बाहेर येईपर्यंत बिरूशी बोलणार नाही. ते तसंच आहे. ही पत्राची वाट तुझ्या वहिनीने काढली. परवा चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "बोलायचं न्हाय अशी शपथ हाय. लिवायचं न्हाय अशी कुटं हाय?" केराबाईला सातवी पास नवरा मिळाला, त्याचा इतक्या वर्षांत तिने हा एवढाच उपयोग करून घेतला.

कामाचं लिहितो. माझी कोकरं जगत नाहीत. गेले तीन-चार हंगाम असंच चाललं आहे आणि यंदा तर हद्द झाली. जन्मतानाच खालचा जबडा आखूड. आचळ तोंडात धरता येत नाही, निसटतं. तुझी वहिनी मेंढी पिळून वाटीत दूध घेते आणि चिंधी बुडवून कोकराच्या तोंडात सोडत बसते. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. आठवडाभर ओढून ते मरतं, मग ती दुसरं मांडीवर घेते. तिची बोटं सुजली आहेत. ती सांगत नाही, पण भाकरी थापताना मला दिसतं. काही मेंढ्या तर गाभच राहत नाहीत. एवढा मोठा आपला मेंढरांचा वाडा, आता वाघरीची जाळी लावली तर निम्मी जागा रिकामी राहते.

देवऋषी आणला. तो म्हणाला, तुम्ही फिरायचं सोडलं म्हणून देव रागावला आहे. मी म्हणालो, देवाला सांग, फिरायला रान शिल्लक ठेव. इकडे पाणी आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या आणि प्रत्येक बागेला तार. आपली जुनी वाट आता कुठून जाते ते मलाही सांगता येणार नाही.

माझी पूनम जनावरांची डॉक्टर झाली, सोलापुरात सरकारी दवाखान्यात आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तिने येऊन मेंढरांचं रक्त नेलं. रोग काही निघाला नाही. मला बरं वाटलं, तर ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, रोग असता तर औषध दिलं असतं. तिचं म्हणणं, आपल्या आप्पांनी देवाला सोडलेला तो मेंढा, मग त्याचा मुलगा, मग त्याचा नातू, असा एकाच घरचा नर देवाचा मेंढा म्हणून इतकी वर्षं चालला. आता कळपातली सगळी एकमेकांची भावंडं झाली आहेत. दुसऱ्या कळपातला मेंढा आणा, नाहीतर आणखी थोड्या वर्षांत वाडा मोकळा होईल.

आता आपल्या घरचा नेम तुला माहीत आहे. देवाचा मेंढा वाड्यात असेतो परका नर आत घ्यायचा नाही. तो मी मोडणार नाही. पण तुझा कळप आप्पांच्याच कळपातून वाटून गेलेला आहे. तुझा मेंढा घेतला तर नेमही मोडत नाही. आणि तरी तुझा कळप माझ्यापेक्षा वेगळा आहे. कसा, ते आपण दोघंही जाणतो. जुनं उकरायचं नाही म्हणून लिहीत नाही.

पावसाळ्याच्या आधी एक मेंढा दे. मी दमलो आहे, बिरू.

कोंडीबा


श्रीपूरच्या अलीकडे, ता. माळशिरस
९ फेब्रुवारी २०२३

आण्णा,

तुझं पत्र पंचाक्षरीच्या किराणा दुकानात आलं. त्यानेच आवाज देऊन बोलावलं. मी तिथेच पोत्यावर बसून वाचलं आणि चहा गार करून टाकला.

आशीर्वाद घेतला आहे. आता परत मागू नकोस.

इकडे कारखान्याचा हंगाम चालू आहे. ऊस तुटला की त्या रानात आम्ही मेंढरं बसवतो. दिवसभर पाचटात, वाढ्यात चरतात आणि मुक्कामाला लेंडी पडते, ती शेतकऱ्याला हवी असते. म्हणजे हवी असायची. आता निम्मे लोक पाचट पेटवून देतात आणि पोत्यातलं खत टाकतात. परवा एकाने बोलावलं, आम्ही वाघर खांद्यावर घेऊन तीन कोस गेलो, तर त्याने आधीच काडी लावली होती. काळ्या रानात उभा राहून तो म्हणाला, "पावनं, पुढच्या वर्षी बगू की." आमचं पोरगं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झालं. ते म्हणतं, विका आता. मी ऐकल्यासारखं करतो.

पण तुझं पत्र वाचून मला जे वाटलं ते लिहितो, नाहीतर राहून जाईल. माझा मेंढा तू तुझ्या वाड्यात, देवाच्या मेंढ्याशेजारी घेणार. म्हणजे माझा कळप आप्पांच्याच रक्ताचा आहे हे तुला पटलं. आण्णा, मी एवढ्याचीच वाट बघत होतो. माझ्या वाटणीच्या मेंढीला ते तांबड्या ठिपक्यांचं कोकरू झालं आणि तू दहा माणसांत म्हणालास, बिरूने चोरून बाहेरचा मेंढा घातला, देवाचं रक्त बाटवलं. मी भंडारा उचलून सांगितलं की मी असं केलेलं नाही. तू देवळातून निघून गेलास. त्या दिवसापासून मी एकही परका नर माझ्या कळपाच्या जवळ येऊ दिलेला नाही. वाटेत दुसऱ्याचा कळप दिसला तर मी माझी मेंढरं वळवून नेतो. लोक हसतात. मला कोणाला बोलायला जागा ठेवायची नव्हती.

मेंढा देतो, आणि असातसा नाही देत. दरवर्षी मी एकच नर राखतो, ज्याचं तोंड आप्पांच्या मेंढ्यासारखं असेल तो. बाकी सगळे बाजारात. त्यामुळे आता माझ्याकडे जो आहे त्याला बघून तू म्हणशील, आप्पांचाच मेंढा उठून आला. तो पाठवतो.

कोकरं इकडे बरी आहेत. थंडीने थोडी गेली, तेवढंच. वहिनीला सांग, बोटांना करडईचं तेल कोमट करून लाव.

बिरुदेव


माळवाडी
२ जुलै २०२३

बिरुदेव,

मेंढा पोचला. टेम्पोवाल्या सयाजीने नीट आणला, वाटेत दोनदा उतरवून पाणी पाजलं म्हणाला. फळी लावून खाली घेतला तेव्हा मी बघतच राहिलो. तसंच रुंद कपाळ, तसाच नाकाचा बाक, तशीच मान खाली घालून बघायची सवय. तुझी वहिनी त्याच्या कपाळाला भंडारा लावताना रडली. मी वाघरीच्या खुंट्या ठोकायला गेलो, त्या आधीच ठोकलेल्या होत्या.

पत्राला उशीर झाला, कारण उन्हाळा फार कठीण गेला. बोअरचं पाणी तळाला गेलं, मेंढरं टँकरच्या पाण्यावर जगवली. मी एकदा रानात चक्कर येऊन बसलो, तेव्हापासून केराबाई मला एकट्याला सोडत नाही. दोन म्हातारी माणसं मिळून एकमेकांना राखतो आणि उरलेल्या वेळात मेंढरं राखतो.

आता पाऊस पडला आहे, मेंढ्या माजावर आहेत आणि तुझा मेंढा कामाला लागला आहे. देवाचा मेंढा बाजूला बांधला. मार्गशीर्षात कळेल.

एका गोष्टीचं नवल वाटलं. बाहेरचं रक्त मिसळूनही तोंड अगदी आप्पांच्या मेंढ्याचं राहिलं. तू लिहितोस की केलं नाही, ते मी समजू शकतो. दहा माणसांत एकदा नाही म्हटलं की माणसाला नाहीच म्हणत राहावं लागतं. त्या वेळी मी तुला फार बोललो. पण पूनमने सगळं समजावल्यापासून मला वाटतं, तू जे केलंस ते एका परीने बरंच केलंस. तुझ्या त्या चुकीवरच आता माझा कळप उभा राहणार आहे. माझ्या मनात काही उरलेलं नाही. मी तुला माफ केलं.

तुझी वहिनी तेल लावते.

कोंडीबा


श्रीपूर
१९ जुलै २०२३

आण्णा,

तू मला माफ केलंस ते वाचलं. जे मी केलंच नाही त्याची माफी घेऊन मी कुठे ठेवू?

म्हणजे तू मेंढा मागितलास तो माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. मी बाटवलेला आहे अशी तुझी खात्री आहे म्हणून. आणि मी इकडे पंचाक्षरीच्या दुकानात पेढे वाटले.

मेंढा परत पाठव. टेम्पो तू कर. पुन्हा पत्र पाठवलंस तर दुकानातच राहील.

बिरुदेव


सात रस्ता, सोलापूर
६ ऑगस्ट २०२३

नाना,

पूनमचा नमस्कार. हे पत्र बाबांचं नाही, म्हणून उघडाल अशी आशा आहे. मी लहान असताना मुक्काम हलला की तुम्ही मला घोंगड्यात गुंडाळून घोड्यावर बसवत होता. पाय दुखत नसले तरी मी दुखतात म्हणायचे. तुम्हाला ते माहीत होतं, असं आई सांगते.

तुमचं पत्र बाबांनी मला दाखवलं नाही, आईने दाखवलं. बाबा त्या दिवसापासून जेवायला बसतात आणि उठतात. मेंढा परत पाठवता येत नाही, कारण बहुतेक मेंढ्या त्याच्यापासून गाभ गेल्या आहेत. आता आपल्याला वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

मला भांडणात पडायचं नाही. रोज सकाळी फिरत्या दवाखान्याची गाडी घेऊन निघते, दिवस मावळता खोलीवर येते, चपला काढायचंही जिवावर येतं. पण हे एक विचारल्याशिवाय झोप लागणार नाही. आधी सांगते, मी का विचारते आहे.

कोकराला निम्मं आईकडून मिळतं, निम्मं बापाकडून. एखादा दोष नुसत्या एका बाजूने आला तर झाकलेला राहतो, जनावर धडधाकट दिसतं. तोच दोष दोन्ही बाजूंनी आला की उघडा पडतो. आपला तो जबडा तसा आहे. पूर्वी हे फारसं होत नसे, कारण आपण चालत होतो. मुक्कामाला चार कळप शेजारी बसायचे, मेंढे अदलाबदल व्हायचे, चुकून मिसळायचेही. आजा म्हणायचे तसं, वाटेवर कळपाला सोयरे मिळायचे. मग वाट बंद झाली. त्यात ते रोगाचं वर्ष आलं, निम्म्याहून जास्त मेंढरं गेली, आणि उरलेल्या मूठभरांपासून पुढचा सगळा कळप झाला. त्या मूठभरांत जे लपलेलं होतं ते आता सगळ्यांत आहे. आणि वर बाबा दरवर्षी एकच नर राखतात, तोंड बघून. एकसारखं तोंड निवडायचं म्हणजे आतलं बाकी सगळंही एकसारखं होत जातं. बाबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "तोंड बघू नको तर काय शेपूट बघू?"

तुमच्या मेंढ्याने यातून सुटका होईल, असं मी बाबांच्या शब्दावर धरून चालले होते. तुमच्या पत्राने मला भीती वाटली. नाना, मला खरं सांगा. त्या वेळी किंवा नंतर कधी बाहेरचा मेंढा तुमच्या कळपात आला होता का? आला असेल तर मला राग नाही, उलट मी देवाला नारळ फोडीन. बाबांनाही सांगणार नाही. आणि तुमच्याकडे जबड्याची कोकरं होतात का, तेही लिहा.

आई म्हणते, पत्रात पेढ्यांचं वाचून तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

तुमची पूनम


श्रीपूर
२७ ऑगस्ट २०२३

पूनम,

तुझं अक्षर बापासारखंच आहे, म्हणून आधी पत्र फेकलं होतं. मग उचललं. तुझे पाय दुखत नव्हते हे मला माहीत होतं. माझे दुखत होते, आणि तू घोड्यावर बसलीस की मला घोडा धरून हळू चालता यायचं.

बाहेरचा मेंढा आला नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, कधीच नाही. एकदा भंडारा उचलून सांगितलं, आता पेनने लिहून देतो. तुला नारळ फोडायची संधी देता येत नाही याचं वाईट वाटतं. गंमत बघ, आधी तुझ्या बापाला मी खोटा आहे याचा राग होता, आता तुम्हा सगळ्यांना मी खोटा असण्याची गरज आहे. आणि माझ्याच्याने अजूनही खोटं बोलवत नाही.

दुसरं विचारलंस ते. हो, होतात. आण्णाला लिहिलं की थंडीने गेली. काही गेलीही असतील थंडीने. पण चार-पाच वर्षं झाली, जबडा आखूड असलेली होतात. मी ती कोणी बघायच्या आत पुरून टाकतो. घरचीलासुद्धा सगळी सांगत नाही. मला वाटायचं, आण्णाला कळलं तर म्हणेल, बघा, बाटवलं म्हणून देवाने शिक्षा दिली. आण्णाकडेही तसंच होत असेल असं मनात कधी आलं नाही. त्याच्या पत्रात वाचलं तेव्हासुद्धा मी पेढ्यांच्या नादात पुढे वाचत गेलो. तेव्हाच लिहायला हवं होतं. आपल्या कळपाची लाज वाटली.

आणखी एक सांगतो, ते तुझ्या बापाला माहीत आहे पण तो आठवत नाही. आप्पांनी देवाला सोडलेला तो थोरला मेंढा आपल्या घरात जन्मलेला नव्हता. अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या तोंडावर आमचा मुक्काम असायचा, तिथे चनमल्लप्पा नावाचा मेंढपाळ होता. त्याने आपला एक मेंढा घेतला आणि त्याचा एक आप्पांना दिला. आप्पांना कानडी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, दोघं मेंढ्याचे दात बघून हसत होते. मी तेव्हा लहान होतो. चनमल्लप्पाच्या कळपात तांबड्या ठिपक्यांची मेंढरं होती. मला चांगली आठवतात. मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी देवळात माझं कोण ऐकत होतं?

हे पत्र बापाला दाखव. तो मानणार नाही. दाखव.

नाना


माळवाडी
२१ डिसेंबर २०२३

चिरंजीव बिरुदेव,

या वेळी दोन दिवस लागले नाहीत, आशीर्वाद आधी लिहिला आहे. पंचाक्षरीला मी वेगळं कार्ड टाकलं आहे की हे पाकीट त्याने तुझ्या हातात द्यावं आणि तू फाडायला लागलास तर हात धरावा. तुझे पेढे खाल्लेला माणूस एवढं करेल.

पूनमने तुझं पत्र दाखवलं होतं. तू म्हणालास तसंच झालं, मी मानलं नाही. मेंढ्यांची पोटं दिसायला लागली तसा मी रोज पहाटे बिरोबाला जात होतो. तुझी वहिनी म्हणायची, एवढं काय मागता. काय मागत होतो ते तिला सांगितलं नाही, तुला सांगतो. मी म्हणत होतो, देवा, माझा बिरू खोटा निघू दे. त्याने तेव्हा चोरून मेंढा घातलेला असू दे, खोटी शपथ घेतलेली असू दे, मी त्याचं पाप माझ्यावर घेतो. चार महिने मी हेच मागितलं. भावासाठी असं मागणं कोणी केलं नसेल.

गेल्या पंधरवड्यापासून मेंढ्या व्यायला लागल्या. पहिलं कोकरू तुझ्या वहिनीच्या हातात आलं. तिने त्याच्या तोंडात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. तिने ते पदरात घेतलं आणि चुलीकडे दूध कोमट करायला गेली. सगळीच तशी नाहीत, पूनम म्हणते थोडा फरक पडेल, तेवढा पडला आहे. पण निम्म्यांचा तोच आखूड जबडा. आप्पांच्या मेंढ्याचं तेच कपाळ, तोच नाकाचा बाक, आणि खाली आचळ धरता येत नाही.

मी त्यातलं एक मांडीवर घेऊन बसलो होतो. ते माझं बोट चोखायचा प्रयत्न करत होतं. तेव्हा मला कळलं की तू खरा आहेस. देवळात तू शपथ घेतलीस, ती मला ऐकू आली नाही. या मुक्या जिवाने सांगितलं तेव्हा ऐकू आली. तुझ्या कळपात परकं रक्त असतं तर ही कोकरं दूध प्याली असती.

पूनमने आणखी एक सांगितलं, त्यावर मी दोन दिवस विचार करतो आहे. ते ठिपक्यांचं कोकरू बाहेरच्या रक्ताने झालंच नव्हतं, म्हणाली. थोरल्या मेंढ्याच्या आत ते रंगाचं लपलेलं होतं, आणि आपण त्याच्याच मुली-नाती त्याच्याच घरात देत गेलो म्हणून दोन्हीकडून जुळून वर आलं. म्हणजे ज्या खुणेवरून मी तुला घराबाहेर काढलं, ती आपण घरात फार कोंडून घेतल्याची पहिली खूण होती. तेव्हाच समजलं असतं तर तुझं-माझं आयुष्य असं गेलं नसतं. तू जवळ नाहीस याची मला सवय झाली असं मी लोकांना सांगतो. सवय झालेली नाही.

चनमल्लप्पाचं मला आठवलं. तू मेंढ्याचे दात लिहिलेस आणि आप्पांचं हसणं ऐकू आलं. आपला देव ज्याला म्हणालो तो परमुलखातून आलेला होता, आणि त्याच्या नावाने मी परमुलखाला दार लावलं.

आता पुढचं. मी नेमाचं कसं करायचं म्हणून बसलो होतो, तर पुन्हा तुझी वहिनीच बोलली. "देवाचा मेंढा वाड्यात हाय तवर दुसरा न्हाय, आसाच नेम हाय न्हवं? मग त्येला देवळात न्या की. देव देवळात ऱ्हाईल, वाड्यात मेंढरं ऱ्हातील." मी म्हणालो, एवढी वर्षं हे का बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही विचारलं न्हाय. काल मी त्याला देवळाच्या आवारात नेऊन बांधला. तो तिथल्या लिंबाखाली बसला, त्याला काही दुःख झालेलं दिसलं नाही.

तू चनमल्लप्पाच्या गावाला जा. तो नसेल, पण त्याची मुलं-नातवंडं असतील, आणि नसली तर आणखी पलीकडे कोणी असेल. तिथून दोन मेंढे आण, एक माझ्या वाड्याला आणि एक तुझ्या. गावात कोणी विचारलं तर मी सांगेन की मीच सांगितलं. जे तू त्या वेळी केलं नाहीस आणि ज्याच्यासाठी एवढं सोसलंस, ते आता कर.

मी तुझ्याबरोबर आलो असतो, पण माझ्या नजरेचा भरवसा नाही. मी शंभर मेंढ्यांतून पुन्हा तेच कपाळ आणि तोच नाकाचा बाक शोधून काढीन. तुझी नजरही माझ्यासारखीच झाली आहे, हे तू पाठवलेल्या मेंढ्यावरून कळलं. म्हणून एक खूण सांगतो, तेवढी धर. जो मेंढा बघून तुला वाटेल की हा आण्णाला आवडणार नाही, तो आण.

खरं बाहेर येईपर्यंत बोलणार नाही अशी माझी शपथ होती. ते आलं आहे. तू टेम्पोतून उतरलास की पहिला मी बोलेन.

तुझा आण्णा